सरांच्या नावावरचे एकशे तीस धडे

आधी माझी चूक सांगून टाकतो. नंतर कोणी म्हणायला नको की लपवली.

अडीच वर्षं मी एका फुकट साइटवर इमर्जन्सी मेडिसिन शिकलो. एकशे तीस धडे. प्रत्येक धड्याच्या शेवटी दहा प्रश्न, आठ बरोबर आले तरच सर्टिफिकेट. सगळे मी सोडवले. पण अकाउंट माझ्या नावावर नव्हतं, डॉक्टर सत्यजीत यांच्या नावावर होतं. प्रत्येक सर्टिफिकेटवर त्यांचं नाव, खाली त्यांचा रजिस्ट्रेशन नंबर. आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

झालं सांगून. आता बाकीचं.

मी निकेश. सुकापूरला राहतो. खांदा कॉलनीतल्या एका हॉस्पिटलात कॅज्युअल्टीला टेक्निशियन आहे. कॅज्युअल्टी म्हणजे एक्स्प्रेसवेवरचे अपघात, छातीत दुखणारे, फीट आलेले, काहीतरी पिऊन आलेले, जे काय दारातून आत येतं ते पहिलं आमच्याकडे. माझं काम ईसीजी काढायचा, मॉनिटर जोडायचा, ऑक्सिजन लावायचा, वेळ आली तर छाती दाबायची. बारावी सायन्स, मग एक वर्षाचा डिप्लोमा. डिप्लोमात ईसीजीच्या वायरी कुठे चिकटवायच्या ते शिकवलं. कागदावर जे उमटतं ते वाचायला शिकवलं नाही. ते डॉक्टर बघतील, असं म्हणाले.

घरी याचं कौतुक शून्य. बाबांची चाळ आहे, काकांचं रेती-सिमेंटचं दुकान आहे. बाबा अजून म्हणतात, "लोकांच्या छातीला वायरी लावीत फिरतंस. इथं घरचं दुकान हाय त्यात बसाला काय होतं? आमी काय कमी केलं तुला?" मी म्हणतो काही नाही. ते म्हणतात मग नाय म्हनून काय बोलतंस. असं रोज.

मी शिकायला का लागलो ते सांगतो. एक माणूस आला होता, चाळीस-बेचाळीसचा, रिक्षावाला. स्वतः चालत आला. छातीत जळजळतंय, ॲसिडिटीची गोळी द्या म्हणाला. मी ईसीजी काढला. डॉक्टर वर आयसीयूत अडकलेले. सहा मिनिटं तो कागद माझ्या हातात होता. सहा. मी तो कागद बघत होतो आणि मला डोंगर दिसत होते. मग त्याचे डोळे वर गेले. आम्ही चाळीस मिनिटं छाती दाबली. गेला तो.

नंतर डॉक्टरांनी कागद बघितला आणि फक्त "अरे देवा" म्हणाले. म्हणजे त्यावर लिहिलेलं होतं सगळं. मला वाचता येत नव्हतं एवढंच.

त्याच आठवड्यात मोबाइलवर शोधायला लागलो. मला वाटलं होतं पैसे लागतील. नाही लागले. जगभरातले डॉक्टर फुकट शिकवतात. खरंच. एक टकला माणूस, मागे त्याच्या पोरांची खेळणी पडलेली, हृदयाचा ठोका कसा सुटतो ते टी-शर्ट घालून समजावतो. इंग्लिश माझं कच्चं. स्पीड कमी करायचो, खाली मराठी अक्षरं चालू करायचो. ती मशीनची मराठी. हार्ट ब्लॉकला "हृदय नाकाबंदी" म्हणायची. हसायचो, मागे घ्यायचो, परत ऐकायचो. एक वीस मिनिटांचा व्हिडिओ दोन तास.

सत्यजीत सर तेव्हा नवीन आले होते. मूळचे पुण्याचे, खारघरला टॉवरमध्ये राहायचे. आमच्याकडचे बाकी डॉक्टर मला "ए ईसीजी" म्हणून हाक मारायचे. सरांनी पहिल्या दिवशी नाव विचारलं. डबा उघडला तर "ये निकेश, बस, हिने आज पाटवड्या दिल्यात" म्हणाले. मी उभाच. "अरे बस ना, पाटवडीला काय प्रोटोकॉल असतो का?"

त्या माणसाला मी देवच मानला असता. थोडा मानला पण.

त्यांनी मला व्हिडिओ बघताना पकडलं. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "हे फुटकळ बघून काय होणार? एक नीट साइट आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोर्स. श्वासनळी, शॉक, ईसीजी, व्हेंटिलेटर, सगळं. फुकट आहे."

"मग मला लिंक द्या ना सर."

"डॉक्टरांसाठी आहे रे. रजिस्ट्रेशन नंबर लागतो." मग माझं तोंड बघून म्हणाले, "थांब. माझ्या नंबरवर उघडतो. तू मेल आयडी बनव फक्त."

मी मेल आयडी बनवला. फॉर्म त्यांनी भरला. माझ्याच मोबाइलवर, माझ्याकडे पाठ करून नाही, पण मी तेव्हा सिलेंडर बदलत होतो. भरून झाल्यावर मोबाइल माझ्या हातात दिला.

"पण सर, नाव तुमचं येणार."

"येऊ दे. तुला शिकायचंय की नाव लावायचंय? वेळ आली की मी सांगेन ना, हे सगळं तू केलंस म्हणून."

हे वाक्य मी नीट लिहितोय. ते जसंच्या तसं असंच बोलले.

मग आमचं सुरू झालं. मी घरी धडा करायचो, ड्यूटीवर सरांना सांगायचो. आधी मी विचारायचो, ते समजवायचे. सहा-आठ महिन्यांत उलटं झालं. कधी झालं कळलं नाही. सर म्हणायचे, "निकेश, काय वाटतं?" हळू, नातेवाइकांना ऐकू जाणार नाही असं.

मी एक पद्धत काढली होती. ईसीजी सरांना देताना मी कागदाची अशी घडी घालायचो की जिथे गडबड आहे तोच भाग वर येईल. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका असला की त्या तीन लीडच्या रेघा वर. सर कागद हातात घेताच पहिलं तेच बघायचे. "हं, इन्फिरियर," म्हणायचे मोठ्याने. कोणाला कळायचं नाही. मला पण ते चोरी वाटायचं नाही. मला वाटायचं आम्ही जोडी आहोत.

सुनंदा सिस्टर एकट्या बघायच्या. इन्चार्ज आमच्या, वीस वर्षं कॅज्युअल्टीत काढलेली बाई. एकदा म्हणाल्या, "काय रे, कागदाची होडी करून देतोस का डॉक्टरांना?"

मी हसलो. त्या नाही हसल्या.

सिस्टरांमुळेच मी व्हॉइस नोट सुरू केल्या. त्या म्हणाल्या, तू जे शिकतोस ते आम्हाला पण सांग, पण इंग्लिश झाडू नकोस. मग मी दर रविवारी स्टाफच्या ग्रुपवर दहा मिनिटांची नोट टाकायचो. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचा ऑक्सिजन अचानक पडला तर काय बघायचं? साइटवर चार इंग्लिश अक्षरं दिली होती लक्षात ठेवायला. मी सांगितलं चार प्रश्न विचारा: नळी सरकली का, नळी तुंबली का, छातीत हवा भरली का, मशीन बिघडलं का. पण त्याच्या आधी पेशंटला मशीनवरून काढा आणि हाताने बॅग दाबा. प्रश्न नंतर. सिस्टर ते भाजी चिरताना ऐकायच्या. ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर गाडीत लावायचे. एक ड्रायव्हर मला म्हणाला, "भाई, तुझा आवाज ऐकून माझी बायको विचारते हा कोण रविवारचा महाराज."

काशिरामबाबांचं पण सांगतो, कारण ते इथे लागतं. उरणकडचे, सत्तरीचे, डायलिसिसवाले. गावात कोणाचं तरी लग्न होतं म्हणून दोन डायलिसिस चुकवले. आणले तेव्हा अर्धे बेशुद्ध. मॉनिटरवर लाटा अशा रुंद, जाड, संथ. सरांनी शॉकची पॅडल हातात घेतली.

मी म्हणालो, "सर, डायलिसिस चुकलंय. पोटॅशियम वाढलंय. कॅल्शियम द्या."

सर थांबले. एक सेकंद. मग मोठ्याने, "सिस्टर, कॅल्शियम ग्लुकोनेट काढा, लवकर."

शिरेतून गेलं आणि आमच्या डोळ्यांसमोर लाटा बारीक व्हायला लागल्या. मी असं व्हिडिओत बघितलं होतं. खरोखर होताना पहिल्यांदा बघितलं. काशिरामबाबांची मुलगी सरांच्या पाया पडली. "डाक्टर, तुमी नसता तर आमचा बाप गेला व्हता." सर म्हणाले, "अहो, उठा, उठा." आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला.

तो डोळा मला महिनाभर पुरला. असा मी.

या वर्षी रेवा मॅडम आल्या, इमर्जन्सीच्या हेड म्हणून. त्यांनी पहिल्या मजल्यावरची जुनी स्टोअररूम रिकामी केली, रबराचा एक पुतळा आणला, आणि नोटीस लावली. ट्रेनिंगसाठी एक माणूस पाहिजे. स्टाफमधूनच. नर्स, वॉर्डबॉय, ड्रायव्हर, सगळ्यांना शिकवायचं. इमर्जन्सीमधलं शिक्षण घेतल्याचा काहीतरी पुरावा जोडावा.

मी ती नोटीस चार वेळा वाचली. दिवसभर शिकवायचं! मी ते फुकट करत होतो, रविवारी, बाथरूमचं दार बंद करून, आवाज घुमू नये म्हणून टॉवेल लावून. माझ्या आयुष्यात मला दुसरं काही नको होतं.

सरांना सांगितलं. "भर की फॉर्म," ते म्हणाले. "मी आहे ना."

मी भरला. पुराव्याच्या जागी लिहिलं, डॉ. सत्यजीत सांगतील.

मंगळवारी अकरा वाजता मॅडमनी बोलावलं. केबिनमध्ये मी, मॅडम, आणि टेबलावर माझा फॉर्म. मॅडम सरळ बोलणाऱ्या. "सर्टिफिकेट नाही जोडलंस."

मी सगळं सांगितलं. अकाउंट, सरांचा नंबर, एकशे तीस धडे. सांगताना मला लाज नाही वाटली, उलट छाती फुगली होती. मॅडमनी फोन उचलला आणि सरांना बोलावलं.

सर आले. खुर्ची ओढून बसले. मी उभा होतो.

"सत्यजीत, हा म्हणतोय तुमच्या अकाउंटवरचे सगळे मॉड्युल्स याने केलेत."

सर हसले. छान हसतात ते. "मॅडम, निकेशला इंटरेस्ट फार आहे. बसायचा माझ्याबरोबर."

"बसायचा?"

"हो. मी करत असलो की बाजूला येऊन बसायचा, चहा आणायचा. मीच म्हणायचो, बघ, ऐक, कानावर पडेल. हुशार मुलगा आहे."

मी म्हणालो, "सर?"

ते माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर तेच, पाटवडीच्या वेळचं. जणू मीच काहीतरी वेडंवाकडं बोललोय आणि ते मला सांभाळून घेतायत.

"मॅडम, मला प्रश्न विचारा," मी म्हणालो. "कुठलाही धडा. आत्ता."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "विचारले असते. पण माझी अडचण समजून घे. तू खरं बोलत असशील तर तू अडीच वर्षं दुसऱ्याच्या नावावर परीक्षा दिलीस. अशा माणसाला मी शिकवायला कसं बसवू? आणि खरं बोलत नसशील तर विषयच संपला. दोन्हीकडून मी अडकते." मग जरा नरमून म्हणाल्या, "स्वतःचं अकाउंट का नाही काढलंस?"

"रजिस्ट्रेशन नंबर लागतो ना मॅडम. डॉक्टरांसाठी आहे."

"कोण म्हणालं? त्या साइटवर मी स्वतः दोन धडे लिहिलेत. नर्स, टेक्निशियन, ड्रायव्हर, कोणीही करू शकतं. त्यासाठीच तर ती फुकट आहे. नंबरचा रकाना रिकामा सोडला तरी चालतो."

मी सरांकडे बघितलं. सर टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. आतमध्ये एक निळं फूल होतं त्याच्या. मी पण तेच बघायला लागलो.

मला आजही माहीत नाही. त्यांनी तो रकाना नीट वाचला नव्हता, की वाचला होता? फॉर्म त्यांनी भरला. हे एक कळलं तर बरं होईल. बाकी काही नको. नाही, खोटं बोलतोय, बाकी पण पाहिजे. पण आधी हे.

"मॅडम, जाऊ द्या," सर म्हणाले. "लहान आहे. उत्साहात बोलून गेला असेल."

मला वाचवलं त्यांनी. बघा. मॅडमसमोर मला वाचवलं.

खाली आलो तर सुनंदा सिस्टर ड्रेसिंगची ट्रॉली लावत होत्या. "काय रे, पेढे कुठेत?"

सांगितलं. मला वाटलं माया करतील. त्यांनी कात्री ट्रेमध्ये आपटली.

"गाढवा. त्याच्या नावाने पेपर लिहिलेस, आता माझ्यापुढे रडतोस?"

"त्यांनी सांगितलं होतं सिस्टर, वेळ आली की…"

"वेळ आली. गेली पण. अडीच वर्षं तू त्याला चमच्याने भरवलंस. चावायची सवय राहिली का त्याला? दोष त्याचाच आहे, मी नाही म्हणत नाही. पण तुला कितीदा म्हटलं, कागद सरळ देत जा. जे यायचं ते त्याचं त्याला येऊ दे."

"तुम्ही मॅडमना सांगाल का? तुम्ही बघितलंय ना सगळं."

सिस्टर म्हणाल्या, "माझी रिटायरमेंट चौदा महिन्यांवर आलीय निकेश." आणि गॉज मोजायला लागल्या.

त्यांच्यावर पण राग आला. मग उतरला. सरांवरचा नाही उतरला.

दुपारी साडेचारला ड्यूटी सुटली. पार्किंगमध्ये सर माझ्या गाडीपाशी उभे. वाट बघत होते माझी.

"चिडलास?"

मी किल्ली लावली.

"ऐक ना. मला समजून घे. क्रिटिकल केअरच्या फेलोशिपला अर्ज केलाय मी. आयसीयूतलं काम, मोठं हॉस्पिटल. त्यात ही सगळी सर्टिफिकेटं लावलीत. मॅडमसमोर मी हो म्हणालो असतो तर माझं लायसन्स गेलं असतं रे. बायकोला सातवा महिना आहे."

हे सगळं खरं होतं. म्हणूनच जास्त लागलं. खोटं असतं तर शिवी देऊन निघालो असतो.

"म्हणजे सर, तुम्ही ते अर्जात आधीच लावलेलं. मी फॉर्म भरला तेव्हा तुम्हाला माहीत होतं तुम्ही मॅडमना सांगणार नाही."

"तेव्हा वाटलं काहीतरी करू."

"मग भर म्हणालात कशाला?"

त्यांनी केसातून हात फिरवला. "हे बघ, सगळं तू केलंस. मला माहितीये ना. एकशे तीसच्या एकशे तीस. मी त्यातला एक पण पूर्ण बघितलेला नाही. झालं समाधान? तुझ्याएवढा अभ्यास मी एमबीबीएसला केला नव्हता."

ते वाक्य. जे मला अकरा वाजता पाहिजे होतं, ते साडेचारला, दोन ॲक्टिव्हा आणि एका ॲम्ब्युलन्सच्या मध्ये मिळालं. ऐकायला मी एकटा.

"हेच वरती चला, मॅडमना बोला."

"वेडा आहेस का?" मग आवाज खाली आणला. "बरं, एक काम होतं. गुरुवारी इंटरव्ह्यू आहे. त्यांना साइटवरून सगळ्या कोर्सचा एकत्र रिपोर्ट काढून पाहिजे, तारखांसकट. पासवर्ड दे ना."

तेव्हा मला कळलं ते का थांबले होते.

मेल मी बनवलेला, पासवर्ड मी ठेवलेला, तो त्यांना कधी लागलाच नव्हता. अडीच वर्षांत एकदाही त्यांनी ते अकाउंट उघडलं नव्हतं. दर पाच-सहा महिन्यांनी "जरा ती सर्टिफिकेटं पाठव रे, फाइलला राहतील" म्हणायचे, मी पाठवायचो. शेवटची कधी पाठवली ते पण आठवलं. नव्वदावा धडा झाला होता तेव्हा.

मी मोबाइल काढला. खरं सांगतो, देणार होतो. हात सवयीने गेला. साइट उघडली. हिरवी पट्टी, शंभर टक्के, वर डॉक्टर सत्यजीत.

मग मी विचारलं, "सर, आयसीयूत व्हेंटिलेटरवरचा पेशंट आहे. अचानक अलार्म वाजतो, ऑक्सिजन सत्तरवर येतो. पहिलं काय कराल?"

"आता काय हे?"

"सांगा ना."

"मशीनची सेटिंग बघणार. प्रेशर किती येतंय ते…"

"पेशंटला मशीनवरून काढायचं सर. हाताने बॅग द्यायची. हे आमच्या ड्रायव्हरला पण येतं."

त्यांचा चेहरा लाल झाला. "तू माझी परीक्षा घेतोयस? ईसीजी टेक्निशियन तू…"

पहिल्यांदा बोलले ते असं. अडीच वर्षांत पहिल्यांदा.

मला तो रिक्षावाला नाही आठवला. तसं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं, पण नाही आठवला. मला एवढंच दिसलं की कुठल्यातरी बेडवर कोणीतरी झोपलेलं आहे, अलार्म वाजतोय, आणि सर मागे वळून बघतायत, आणि मागे मी नाही.

सेटिंगमध्ये खाली लाल अक्षरात असतं, अकाउंट काढून टाका. दाबलं. साइटने विचारलं, एकशे तीस पूर्ण धडे पुसले जातील, परत मिळणार नाहीत, नक्की? पासवर्ड टाका.

सर म्हणत होते, "काय करतोयस? दाखव इकडे."

मी पासवर्ड टाकला. एकदा चुकला. परत टाकला.

पान पांढरं झालं. मग साइटचं पहिलं पान आलं, नवीन माणसांना दिसतं ते.

मी मोबाइल त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी वाचलं. मला वाटलं मारतील. "अरे मूर्खा," ते म्हणाले, आवाज फाटलेला, "तुझं पण गेलं ना सगळं!"

"माझं कुठे होतं सर."

गाडी काढली. सुकापूरच्या वळणापर्यंत मला बरं वाटत होतं. वळणावर गाडी बाजूला घेतली आणि खूप रडलो. मार्क, सर्टिफिकेटं गेली म्हणून नाही. त्यात माझ्या टिपा होत्या. प्रत्येक धड्याखाली लिहायची जागा असते, तिथे मी मराठीत लिहायचो. ते मी विसरलोच होतो. माझा स्वभावच असा, आधी दाबतो मग वाचतो.

दुसऱ्या दिवशी मॅडमना जाऊन सांगितलं की अकाउंट मी पुसलं. त्या म्हणाल्या, आता यातलं काहीच सिद्ध होणार नाही. मी म्हणालो हो. "मग सांगायला का आलास?" मॅडमनी मान हलवली आणि फोन घेतला.

ट्रेनिंगची जागा आयसीयूतल्या प्राचीला मिळाली. बीएस्सी नर्सिंग, खारघरच्या कॉलेजची. चांगली शिकवते. तिच्याबद्दल माझं काही नाही.

आणि सरांना फेलोशिप मिळाली. त्यांच्याकडे नव्वद सर्टिफिकेटं होतीच. तिथल्या लोकांनी म्हणे सांगितलं, रिपोर्ट नसला तरी चालेल, एवढं कोण करतं हल्ली. मी पुसल्याने काय झालं? माझ्या टिपा गेल्या. एवढंच झालं.

गेल्या शनिवारी त्यांचा सेंडऑफ होता. दुपारी दोनला, सिस्टरांची शिफ्ट बदलायच्या वेळी, डॉक्टर्स रूममध्ये. मी जाणार नव्हतो. पण सगळा स्टाफ हाक मारत होता, "निकेश, अरे तुझे गुरू चालले," आणि कोणाला काहीच माहीत नव्हतं. मॅडमनी बाहेर काढलं नाही, सरांनी काढणं शक्य नव्हतं, सिस्टर बोलल्या नाहीत, आणि मी काय पुरावा दाखवणार होतो?

सर बोलले. छान बोलले. इथे खूप शिकलो म्हणाले. ड्यूटी सांभाळून ऑनलाइन अभ्यास केला, फुकट साधनं सगळ्यांसाठी उपलब्ध आहेत, फक्त जिद्द पाहिजे, तुम्ही पण करा. टाळ्या पडल्या. मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "आणि आमच्या निकेशचे आभार. याने चहा वेळेवर आणला नसता तर मी झोपलो असतो."

सगळे हसले. प्रेमाने हसले. तेच वाईट.

केक कापला. पहिला तुकडा उचलून सर सरळ माझ्यासमोर आले. आमच्याकडे पहिला घास ज्याला देतात तो जवळचा माणूस. कोणीतरी मोबाइल वर धरला. "इकडे बघा, इकडे बघा."

"घे," सर म्हणाले. डोळे ओलसर होते त्यांचे. खरे होते की काय माहीत नाही. मला आता त्यांचं काहीच ओळखता येत नाही.

मी तोंड उघडलं नाही.

तुकडा माझ्या ओठांपासून चार बोटांवर. क्रीम त्यांच्या अंगठ्यावर वितळायला लागलं. "अरे खा ना," ड्रायव्हर ओरडला. "लाजतो काय नवरीसारखा!" परत हशा. सरांचा हात तसाच. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू एका बाजूने उतरायला लागलं. मी त्यांच्याकडे बघत होतो. मला काही बोलायचं नव्हतं, मी फक्त उघडणार नव्हतो.

मोबाइलवाल्याने मोबाइल खाली घेतला. हसणं थांबलं.

सुनंदा सिस्टर मागून पुढे आल्या. कागदी डिश सरांच्या हाताखाली धरली.

"इथे ठेवा डॉक्टर," त्या म्हणाल्या. "त्याला नकोय."

सरांनी ठेवला. अंगठा पुसायला काही सापडेना त्यांना. सगळे बघत होते, आणि एकाने पण टिश्यू पुढे केला नाही.